दोन कप चहा, निषेध नोंदवून

इकडे ये गं अनघा, ये अशी जवळ. टोरंटोत बसून जवळ कशी येऊ, म्हणतेस? फोन कानाला नीट लाव, झालं जवळ. आणि आता दोन शब्द ऐकून घे. काल चाळीस मिनिटं बोललीस माझ्याशी. जंगलं पेटलीत, धूर शहरापर्यंत आलाय, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेत, सगळं सांगितलंस. मिलिंदच्या गुडघ्याचं सांगितलंस. शेजारणीच्या मांजराला शिंका येतात, तेसुद्धा सांगितलंस. आणि फोन ठेवता ठेवता, पायात चपला सरकवल्यासारखं, "आणि हो काकू, मला ऑफिसात सल्लागार केलंय," म्हणून हसलीस. ही काय सांगायची रीत झाली? मांजराच्या शिंकांनंतर?

मी फोन ठेवला आणि माझ्या नाकात वास आला. इथे सिंगापुरात, वुडलँड्सला आमच्या अकराव्या मजल्यावर काल हवा अगदी स्वच्छ होती, खाडीपलीकडच्या मलेशियातल्या जोहोरच्या इमारती मोजून घ्याव्यात इतक्या लख्ख. तरी वास आला. ओलं गवत पेटवल्यासारखा, आणि त्याच्या मागोमाग भाजणीचा, धणे-जिरे जरा जास्त भाजले गेल्यासारखा. हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेत. आता या वयात ते कोण सोडवणार?

ही अनघा कोण, हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. नव्वदच्या दशकात पलीकडच्या सुमात्रात जंगलं पेटून अख्खं सिंगापूर धुराखाली गेलं, त्या वर्षी ही आमच्याकडे राहत होती. हिचा नवरा मिलिंद बोटीवर इंजिनिअर, आमच्या ह्यांच्या ओळखीचा. बोट सोडून कॅनडात नोकरी धरायला तो पुढे गेला आणि हिचे कागद येईपर्यंत ही आमच्या मागच्या खोलीत. मुंबईत एका कारखान्यात माणसांच्या भरती-बढतीचं काम करायची. तेच काम कॅनडात मिळवायचं तर तिथल्या नोकरीच्या कायद्याची परीक्षा द्यायला हवी, म्हणून पोस्टाने अभ्यास मागवला होता. पुस्तक आलं ते विटेएवढं. ते मी पहिले दोन दिवस लोणच्याच्या बरणीवर दाबायला ठेवलं होतं, ते हिने मला अजून माफ केलेलं नाही.

काय दिवस होते ते! सकाळी उठून खिडकीशी जावं तर जोहोर नाहीसं. खाडी नाही, पूल नाही, पुलावरच्या लॉऱ्या नाहीत. समोरच्या ब्लॉकचा फक्त जिना दिसायचा, तोही कुणी खोडरबराने पुसत आणल्यासारखा. सूर्य डोळ्याला डोळा भिडवून बघता यायचा. जिलबी जळली की मधोमध जो रंग उरतो, तसा. बांबूवर वाळत घातलेले कपडे काढले की ह्यांचा शर्ट चुलीपाशी बसून आल्यासारखा वास मारायचा. रेडिओवर रोज धुराचा आकडा सांगायचे आणि आकडा ऐकून लिफ्टमध्ये सगळे एकमेकांकडे बघून मान हलवायचे. चिनी, मलाय, तमीळ, आम्ही. एरवी लिफ्टमध्ये कोण कुणाकडे बघतं? धुराने तेवढं एक बरं केलं.

खिडक्या बंद, बाहेर जायचं नाही. मग करायचं काय? अनघा जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडायची आणि मी समोर लसूण सोलायला बसायची. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं बाजारात आणि लिफ्टमध्ये शिकलेलं. पण ही म्हणायची, "काकू, तुम्हाला मराठीत समजावता आलं, तर परीक्षकाला इंग्रजीत नक्की येईल." म्हणजे मी दगड होते, घासून धार लावायला. होते तर होते. पण दगडालाही थोडं शिकायला मिळतंच की.

आणि त्या पुस्तकात काय काय होतं! मला वाटलेलं, कायदा म्हणजे पोलीस आणि घटस्फोट. पण हा कायदा म्हणजे सासू-सुनेच्या तंट्याला कुणीतरी शांत डोक्याने कलमं लावली असावीत तसा. माणसाला कामावरून काढायचं तर आधी पुरेशी सूचना द्या, म्हणे. किती दिवसांची? तर काम किती वर्षं केलं ते बघा, कामाचा दर्जा बघा, तसं दुसरं काम मिळणं किती अवघड ते बघा, आणि वय बघा. वय जास्त तर सूचना जास्त दिवसांची. हे ऐकून मी लसूण खाली ठेवला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, की माझं वय माझ्या बाजूने मोजायचं असतं.

आता फराळाचं सांगते. आमच्या इथल्या मराठी बायकांची एक रीत होती. दिवाळीच्या सुमारास सिंगापूरच्या बंदराबाहेर ज्या बोटी नांगरून असतात, त्यांवर आपली मुलं असतात, कोकणातली, पुण्याची, साताऱ्याची. त्यांना उतरायची मुभा नसते. तेल भरलं, सामान भरलं की बोट निघाली. त्यांच्यासाठी आम्ही फराळाचे डबे करायचो. आमचे हे बोटींना सामान पुरवणाऱ्या कंपनीत होते, तेव्हा डबे लाँचमधून बोटीवर पोचवायचं काम ह्यांचं. तीन-चार शनिवार सगळ्या जणी हौगांगला सुनंदा वहिनींकडे जमायच्या, कारण त्यांचं स्वयंपाकघर मोठं. करंज्या विमलताईंच्या, शंकरपाळे कुणाकुणाचे, आणि चकली माझी. अकरा वर्षं माझी. भाजणीचं प्रमाण माझं, लिटल इंडियातल्या गिरणीवाल्याशी भांडण माझं, पितळी सोऱ्या माझ्या आईचा. एका चीफ इंजिनिअरने कळवलं होतं, की त्याच्या बोटीवरच्या रशियन कॅप्टनने चकलीचा डबा आपल्या केबिनमध्ये कुलपात ठेवला. ती चकली माझी!

तर त्या धुराच्या वर्षी पहिल्या शनिवारी दोन बस बदलून, खोकत खोकत मी हौगांगला पोचले. बघते तर कढईपाशी शर्वरी. नवीन लग्न होऊन आलेली, हातात हँडल फिरवायचा नवा सोऱ्या. आणि सुनंदा वहिनी माझ्या हाताला धरून म्हणतात, "काकू, या वर्षीपासून तुम्ही आमच्या सल्लागार. तुम्ही नुसतं बसायचं आणि सांगायचं." हॉलमध्ये पंख्यासमोर वेताची खुर्ची मांडलेली, तिच्यावर उशी. शेजारी टीपॉयवर चहा. वहिनींची दहा वर्षांची ऋचा म्हणाली, "आजी, यू रिटायर्ड ऑलरेडी, ला. सो शिओक!" ला हे इथल्या बोलण्याचं शेपूट, आणि शिओक म्हणजे इथल्या पोरांचं "काय मज्जा!" कसली मज्जा?

बसले. काय करणार! चहा प्यायले. चांगला होता मेला, आलं घातलेला. दुसरा कपही घेतला. आणि दिवसभरात माझा सल्ला किती जणींनी विचारला? एकीने. तिने विचारलं, "काकू, बाथरूमचा दिवा कुठला हो?"

त्या आठवड्यात अनघाने नेमकं ते प्रकरण उघडलं. नाव इंग्रजीत लांबलचक होतं, अर्थ तिने असा सांगितला: "मालक तोंडाने 'जा' म्हणत नाही, काकू. पण तुमचं मुख्य काम काढून घेतो, तुम्हाला न विचारता. पद मोठं देतो, काम ठेवत नाही. कायदा म्हणतो, हे बदलणं नव्हे, हे काढणंच झालं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे मला काढलंय."

"काकू, हा कायदा कॅनडाचा आहे."

"असू दे."

"आणि तुम्ही नोकर नाही. फराळ हौसेचा आहे."

"अकरा वर्षं भाजणी भाजून बघ, मग हौस कशाला म्हणतात ते मला सांग."

अनघा हसायला लागली, पण बोट पानावर तसंच. मग एकदम गंभीर झाली. "काकू, एक गोष्ट महत्त्वाची आहे. बदल मान्य नसेल तर लगेच सांगावं लागतं. गप्प राहून नवं काम करत बसलं, तर तुम्ही ते मान्य केलंत असं धरतात. तुम्ही त्या खुर्चीवर बसलात?"

"बसले."

"चहा प्यायलात?"

"प्यायले."

"किती?"

"दोन कप."

तिने चष्मा काढून पुसला. "अवघड केलंत हो काकू."

मी घाबरले, खरं सांगते. आज हसू येतं. पण तेव्हा खिडकीबाहेर सगळं जग पुसलं गेलेलं, आणि मला वाटलं, आता माझ्यावरूनही कुणीतरी खोडरबर फिरवतंय. मुलगा ऑस्ट्रेलियात. ह्यांची नोकरी ह्यांच्याकडे. सिंगापुरात माझं म्हणावं असं काय होतं? घर सरकारी ब्लॉकमधलं, भाषा दुसऱ्यांची. चकली तेवढी माझी होती.

पुढे पुस्तकात असंही निघालं, की काढलेल्या माणसाने रडत बसायचं नाही. तसंच दुसरं काम मनापासून शोधायचं. शोधलं नाही तर कोर्ट म्हणतं, तुझंही चुकलं. मग मी शोधलं. आमच्याच मजल्यावर राजेश्वरी राहते, तमीळ. दीपावलीला तिच्याकडे मुरुक्कू, म्हणजे त्यांची चकली, होतात ढिगाने. मी पदर खोचून गेले, म्हटलं, आय हेल्प. तिला आनंद झाला. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मी म्हटलं, तांदूळ भाजून घे. ती म्हणाली, मुरुक्कूला भाजत नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच तर! पुढचं बोलणं थोडं वाढलं. तासाभराने तिने मला दारापर्यंत पोचवलं, हातात गरम मुरुक्कूची पिशवी दिली आणि म्हणाली, "आंटी, माय किचन, माय लॉ, ला." अनघाने वहीत लिहून घेतलं: दुसऱ्या ठिकाणाहून योग्य कारणासाठी बडतर्फ. पण मुरुक्कू दोघींनी मिळून संपवले. वाईट नव्हते. भाजून घेतले असते तर आणखी बरे झाले असते.

मी संपाचाही विचार केला होता, लपवत नाही. विमलताईंना फोन लावला. म्हटलं, करंज्या थांबवा, माझ्या बाजूने उभ्या राहा. त्या म्हणाल्या, "कर्म माझं! आणि बोटीवरची पोरं काय खातील? तुमचा कॅनडा?" बरोबर होतं त्यांचं. संध्याकाळी अनघाने सांगितलं की तिथे कामगार संघटना जिथे असते, तिथे एक जुना दंडक आहे: हुकूम पटला नाही तरी आधी काम कर, आणि गाऱ्हाणं रीतसर नंतर मांड. कारण काम अडलं तर भलत्याचंच नुकसान होतं. हे मला फार आवडलं. माझ्या आईने चाळीस वर्षं हेच केलं, फक्त गाऱ्हाणं मांडायची पायरी तिच्या वेळी नव्हती.

मग लिहिलं पत्र. अनघाने मजकुराची शिस्त सांगितली, शब्द माझे. मला अजून पाठ आहे:

"सौ. सुनंदा वहिनी यांस सप्रेम नमस्कार. आपण मला दिलेली बढती मला मान्य नाही. माझे मूळ काम चकली हे आहे व ते मला न विचारता काढून घेण्यात आले आहे. गेल्या शनिवारी घेतलेले दोन कप चहा मी निषेध नोंदवून घेतले, असे समजावे. चहा उत्तम होता. आपली, काकू."

दुसऱ्या शनिवारी मी ते पत्र वहिनींच्या हातात दिलं आणि खुर्चीवर बसले नाही. दाराशी उभी राहिले, पर्स छातीशी धरून. बरोबर अनघा होती, विटेएवढं पुस्तक काखेत. वहिनींनी वाचायला सुरुवात केली ती मोठ्याने, आणि चहाच्या वाक्याला सगळं स्वयंपाकघर हसून कोसळलं. शर्वरीच्या हातातला झारा कढईत पडला. हसल्या नाहीत त्या फक्त सुनंदा वहिनी. त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. तिथे आमचे हे उभे होते, रिकामे बिस्किटांचे डबे घेऊन. आणि डब्यांच्या मागे तोंड लपवायचा प्रयत्न करत होते, पण डबे पुरत नव्हते.

"काका, आता तुम्ही सांगता की मी सांगू?"

ह्यांनी सांगितलं. धूर सुरू झाल्यापासून माझा खोकला हटत नव्हता. डॉक्टरने मला सांगितलं होतं, "टेक केअर, आंटी." ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की छातीत घरघर आहे, धूर संपेपर्यंत तळण आणि भाजणं बंद. आणि ह्यांनी मला सांगायच्या ऐवजी दोन बस बदलून हौगांगला जाऊन वहिनींना सांगितलं होतं. मला कळू न देता मला कढईपासून बाजूला करा, पण मानाने करा, असं.

"मला का नाही सांगितलंत?"

"ऐकलं असतंस?"

"मुळीच नाही."

"मग?"

मी अनघाकडे बघितलं. म्हटलं, तुझं पुस्तक काय म्हणतं बघ. नवरा मालक आहे का? ती गोंधळली बिचारी. तसं प्रकरण नव्हतं त्यात. पण तिने तिथेच, पिठाच्या परातीशेजारी पुस्तक उघडलं आणि दुसरं पान काढलं. म्हणाली, माणूस आजारी असेल, शरीराने एखादी गोष्ट झेपत नसेल, तर तिथला कायदा म्हणतो, त्याला काढू नका. कामाची मांडणी बदला, त्याला सामावून घ्या. अगदीच अशक्य होईपर्यंत सामावून घ्या. आणि सगळ्यात आधी, त्याला विचारा.

"विचारा," असं म्हणून तिने चष्म्यावरून आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. परीक्षा तिची महिन्याभराने होती, पण पास ती त्या क्षणीच झाली, असं माझं मत आहे.

मग सुनंदा वहिनींनी मला विचारलं. अगदी असंच विचारलं, "काकू, तुम्हाला काय जमेल?" इतकं साधं वाक्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी धुरावर ढकललं. त्या वर्षी ती सोय होती.

निवाडा असा झाला. भाजणं नाही, तळणं नाही. वेताची खुर्ची पंख्यासमोर तीच, उशीही तीच. पण टीपॉयवर कप नाही, तिथे परात आणि आईचा पितळी सोऱ्या. चकल्या पाडायच्या मी, तळायच्या शर्वरीने. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, त्यामुळे मला कढई दिसायची नाही. पण तेलाचा आवाज यायचा. चकली टाकली की तेल आधी ओरडतं, मग बडबडतं, मग हळूच कुजबुजतं. कुजबुज सुरू झाली की मी हॉलमधून हाक द्यायची, "काढ!" पहिल्या दोन घाण्यांना शर्वरी चिडली. तिसऱ्या घाण्याला तिनेच आतून विचारलं, "काकू, आता?" संध्याकाळी तिने तिचा नवा सोऱ्या पुसून कपाटात ठेवला आणि माझ्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसली, चकलीला काटा कसा आणायचा ते बघायला. तेव्हा मला समजलं, सल्ला असा हातात पीठ असताना मागितला जातो. रिकाम्या खुर्चीला कुणी काही विचारत नाही, बाथरूमच्या दिव्याखेरीज.

त्या वर्षीचे डबे सगळे गेले. हे लाँचमधून परत आले तेव्हा म्हणाले, धुरात बोटी दिसतच नव्हत्या, भोंग्यांच्या आवाजावर गेलो. म्हटलं, मीही तसंच केलं, आवाजावर. आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघंही खोकलो. हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत मला काही सांगायचं टाळायचं असलं, की डबा शोधायचे तोंडापुढे धरायला.

पुढे एका सकाळी वारा फिरला आणि जोहोर परत आलं, इमारतींसकट, लॉऱ्यांसकट. अनघाने पेपर दिला. बढती देऊन काढलेल्या माणसाचा प्रश्न आलाच त्यात, आणि या बाईने उदाहरण म्हणून काय लिहावं? एक अनुभवी चकली-कारागीर. पेपर परत आला तो चांगल्या गुणांनी, आणि समासात परीक्षकाने पेन्सिलीने विचारलं होतं: हा कोणता उद्योग? ते पान हिने मला दाखवलं आणि मग ही कॅनडात गेली, वीट घेऊन.

आणि आता सत्तावीस वर्षं तिथे दुसऱ्यांच्या नोकऱ्या सांभाळून हीच बाई मला मांजराच्या शिंकांनंतर सांगते, की तिला सल्लागार केलंय. मी आज पुन्हा फोन करून विचारलं, काम काय आहे? म्हणाली, "तसं विशेष नाही. केबिन छान आहे, खिडकीची." हाताखाली कोण? "आता कुणी नाही." तुला विचारलं होतं का आधी? तर मिलिंदच्या गुडघ्याचं सांगायला लागली. केबिनमध्ये बसून किती दिवस झाले?

"तीन आठवडे, काकू."

तीन आठवडे! अगं, मी दोन कपांत घाबरले होते! तुला तर सगळं कायद्यानिशी माहीत. पण तुझं बरोबर आहे; आपल्यावर आलं की कायदा आठवत नाही, फक्त चहा चांगला होता एवढंच आठवतं. तर ऐक. आजच्या आज पत्र लिही. मजकुराची शिस्त तुझी, शब्द हवे असतील तर माझे घे. रागावू नकोस, कारण कुणास ठाऊक, तुझ्याही त्या ऑफिसात कुणीतरी डब्यामागे तोंड लपवून उभा असेल आणि त्याला तुझी काळजी असेल. असला तर त्याला म्हणावं, आधी विचार. आणि नसला, तर वीट उघड.

आणि ये. धूर ओसरला की नको, दिवाळीच्या आधीच ये, इथली हवा चांगली आहे. सुनंदा वहिनींचा हात आता थरथरतो, शर्वरीचे केस पांढरे झालेत, पण शनिवार अजून भरतात आणि बोटी अजून बाहेर उभ्या असतात. ती वेताची खुर्ची वहिनींनी मलाच देऊन टाकली; पंख्यासमोर आहे. तू आलीस की तुला तिच्यात बसवीन. चहा मात्र लगेच देणार नाही. आधी सोऱ्या हातात घ्यायचा.